डावीकडे

पहाटे साडेपाचला ऐरोलीच्या तलावावर
फक्त क्लोरीन जागं असतं, आणि जुईली तांडेल.
काठावर उकिडवी, गुडघ्यावर वही,
कानामागे पेन्सिल, सुताराची असते तशी.

पहिल्या दिवशी म्हणाली, पोहून दाखवा.
दाखवलं. पंचवीस मीटर, एकतीस हात.
पलीकडच्या कठड्याला लटकलो धापा टाकत,
शाबासकीची वाट बघत.
ती म्हणाली, टिपणीस सर, जिना का चढताय?
पाणी आडवं असतं.

मग फोनवर टिपलेला मीच मला दाखवला:
डोकं वर, कंबर खाली, पाय कुठेतरी मागे
वरातीत चुकलेल्या पाहुण्यांसारखे.
बावन्न वर्षं मला वाटत होतं
मी बऱ्यापैकी सरळ माणूस आहे.

डोकं उशीवर ठेवल्यासारखं ठेवा, ती सांगते.
नाकातून सोडत राहा, साठवू नका,
श्वास म्हणजे काय पगार आहे?
कोपरापासून बोटांपर्यंत सगळं एक वल्हं.
वल्ह्याने पाणी धरायचं,
आणि धरलेल्या पाण्याला मागे ठेवून आपण निघायचं.
हे तिला कुणी शिकवलं नाही.
दिवा कोळीवाड्यात आज्याच्या होडीत बसून
दिसलं नुसतं, भरतीच्या वेळी.

आठवडाभर तिने मला मुठी आवळून पोहायला लावलं.
मूठ मिटली की पाणी हाती लागत नाही,
माणूस मनगटाने शोधत राहतो,
वीज गेल्यावर काडेपेटी शोधावी तसा.
सातव्या दिवशी म्हणाली, उघडा.
उघडली.
अरे,
केवढा मोठा हात होता माझा.

तिचा उजवा खांदा आता कानापर्यंत जात नाही.
टी-शर्टच्या गळ्यातून खूण डोकावते,
मांदेलीच्या काट्याएवढी बारीक.
एकदा विचारलं, तर कोलंबीचा भाव सांगावा
तसं म्हणाली: भारताच्या संघात जायला
अठरा शतांश सेकंद कमी पडले.
मी वीज मंडळात अठ्ठावीस वर्षं मीटर तपासले,
दशांशाच्या पुढे आम्ही कधी बघितलंच नाही.
मग? मी म्हणालो.
मग काय. डावीकडून श्वास घ्या आता.

डावीकडून मला येत नाही.
जाताना उजवीकडे भिंतीवर घड्याळ आहे,
किती झालं ते कळतं.
डावीकडे काय आहे तुमच्या? तिने विचारलं,
सहज, वहीतलं काहीतरी खोडत.
मला उत्तर सुचेना.
दुपारी डबा खातानाही सुचेना,
शेजारचे सावंत म्हणाले, मीठ कमी आहे का?

चौथ्या महिन्यात एका मंगळवारी
मान डावीकडे वळली. म्हणजे मी वळवली नाही,
अंग कुशीवर गेलं, त्याच्याबरोबर ती गेली.
एक चष्मा पाण्यात, एक बाहेर.
अर्धा घोट तलाव पोटात.
आणि दिसलं,
काठाकाठाने ती चालते आहे माझ्याबरोबर,
अनवाणी, माझ्याच वेगाने,
आणि प्रत्येक हाताला
तिचा उजवा हात हवेत उचलला जातो,
जाईल तेवढा,
तिथे क्षणभर थांबतो,
आणि पाणी नसलेल्या जागी पाणी धरतो.

चार महिने ती अशी चालत होती.
परतताना बघावं तर बसून वहीत लिहीत असायची.

मी काही बोललो नाही. तोंडात पाणी होतं.
कठडा आला. शिट्टी वाजली.
कोपर पडलं, टिपणीस सर.
मी म्हटलं, बावीस हात झाले.
तिने लिहिलं, थांबली, खोडलं.
तेवीस, ती म्हणाली.
शेवटचा तुम्ही मोजला नाहीत.