उत्तरेची खूण

हानोव्हरच्या एका सपाट छतावर
यंत्राचा हात अँटेना उचलतो
आणि सराफाने मोती उजेडाला धरावा तशी फिरवतो:
तिरकी, आणखी तिरकी, मग पुन्हा उभी.
सकाळी सहापासून हेच चाललंय.
गेझीने थर्मासच्या झाकणातून चहा पिते
आणि आकडे येऊ देते.

ही ऐकते कुठून, एवढाच प्रश्न.
पांढऱ्या घुमटाखाली धातूची चकती आहे खरी,
पण ऐकण्याचा बिंदू चकतीत नसतो.
तो तिच्या थोडा वर, नुसत्या हवेत,
आणि तिथेही एका जागी ठरत नाही.
उपग्रह माथ्यावर आला की इकडे,
क्षितिजाला टेकला की जरासा तिकडे,
डाव्या कानाने कमी ऐकू येणारा म्हातारा
बोलणाऱ्याकडे मान वळवतो, तसा.
त्या चळण्याचा नकाशा काढायचा,
मिलिमीटर आणि त्याचे दशांश.
तो हाती आला की वजा करता येतं.
गेझीनेच्या स्वयंपाकघरातलं घड्याळ
वीस वर्षं सात मिनिटं पुढे आहे,
घरातल्या कुणाचीही गाडी चुकत नाही.
चूक माहीत असली की तिच्यासोबत नांदता येतं.

ही अँटेना नऊ वर्षांनी परत आलीय,
तिएरा देल फ्यूगोहून,
लाकडी खोक्यात, मेंढीच्या कच्च्या लोकरीत गुंडाळून.
खोकं उघडलं तेव्हा अख्ख्या मजल्याला वास.
घुमटाच्या कडेला मिठाचा पापुद्रा,
बुडाशी कोरलेला बाण: ही बाजू उत्तरेला.

यंत्राने तिला दुपारच्या उन्हात वळवलं
तेव्हा गेझीनेचं झाकण ओठाशीच थांबलं.
तिकडे, जगाच्या बुडाशी, ऊन उत्तरेकडून येतं.
घुमट पिवळा पडायला हवा होता
तो बाणाच्या डोक्यावर.
पडला होता चाळीस अंश बाजूला.

तिने सेलेदोनिओ बार्रियाला लिहिलं.
चौथ्या दिवशी उत्तर आलं:
"बाई, पहिल्याच जुलैत वादळाने खांब हलवला.
पुन्हा बसवताना केबल पोचेना.
बोटं गोठलेली. थोडी वळवली, तर पोचली.
मला वाटलं,
जी वरच बघते तिला उत्तर कशाला?"

तिला राग यायला हवा होता.
ती खिडकीशी जाऊन थोडा वेळ उभी राहिली,
मग तेच पत्र योर्नला मोठ्याने वाचून दाखवलं.

दक्षिणेत जमीन थोडी, कान थोडे,
तिथल्या एकाचं म्हणणं जड असतं.
नऊ वर्षं तो खांब सांगत राहिला
की मी इथे नाही, दोन-तीन मिलिमीटर पलीकडे आहे,
आणि हिशेबाने ते ऐकून घेतलं,
घरातल्या कर्जासारखं सगळ्यांत वाटून टाकलं:
थोडं घड्याळांवर, थोडं हवेतल्या ओलाव्यावर,
उरलेलं कक्षांच्या माथी.
कागदावर कक्षा केसभर कलल्या.
वीस हजार किलोमीटरवर उपग्रह
जिथून जात होते तिथूनच गेले.

योर्नने बाण चाळीस अंश फिरवला, आकड्यांतच,
आणि रात्रभर नऊ वर्षं नव्याने मोजायला लावली.
पहाटे तफावतीची रेघ खाली बसली होती.
शून्यावर नाही. ती बसत नाही तिथे.
पण त्या पहिल्या जुलैपासून
जी एक पायरी कुणालाच उलगडत नव्हती,
जिच्यावर दोघांनी निबंध लिहिले होते,
एकाने भूकंपाचं नाव घेतलं होतं,
ती गेली.

नोंदवहीत 'कारण' असा एक रकाना आहे.
गेझीनेने लिहिलं: केबल आखूड.

मग बाणावर लाल रंगाचा हात फिरवला,
वाळेपर्यंत फुंकर घातली,
अँटेना त्याच लोकरीत परत गुंडाळली,
आणि खिळे ठोकण्याआधी
खोक्याच्या तळाशी
चार मीटर केबल वेटोळं करून ठेवली.