दोन अंशांची फट

कंपनी बुडाली तेव्हा तिचा ढगही विरला,
आणि फोनवरचं ते नारिंगी ज्योतीचं बटण
दाबलं की नुसतं गोल गोल फिरत राहिलं.
हॅन्कॉकमध्ये तेव्हा उणे एकवीस.
शेगडी धडधाकट, पोटात भुशाच्या गोळ्या गच्च,
पण पेटायची परवानगी
कॅलिफोर्नियातून कुठूनतरी यायची होती.

मी स्क्रू ड्रायव्हर घेऊन फरशीवर बसले.
मागचं झाकण काढलं, दोन तारा शोधल्या,
जोडल्या की पेट, सोडल्या की विझ.
एवढंच असतं शेवटी.
बाकी थाट.

तळघराच्या फळीवर, रंगाच्या वाळलेल्या डब्यांशेजारी
आता काड्यापेटीएवढा संगणक बसलाय.
त्याला मी बाहेरचं दारच ठेवलेलं नाही.
आम्ही कधी झोपतो, कोण उशिरा येतं,
ओजस शाळा बुडवून घरी होता की काय,
सगळं त्याला कळतं,
आणि सांगायला कुणी नाही.

नियम लिहिताना नावं मराठीत ठेवली :
गार. पुरे. कुणी_आहे_का.
अठराच्या खाली गेलं की पेट,
विसाच्या वर गेलं की थांब.
भिंतीवरचा जुना काटा फॅरनहाइट दाखवतो,
माझ्या कातडीला अजून सेल्सियसच कळतं.

आणि अठरा ते वीस?
पहिल्या रात्री ही फट नव्हती.
एकोणिसावर एकच रेघ ओढली होती,
तर शेगडी पहाटेपर्यंत पेट-विझ, पेट-विझ,
रिले टक, टक, टक,
दारात चपला घालून उभ्या पाहुण्यासारखी,
निघते निघते म्हणत.
म्हणून फट ठेवली. त्या फटीत
जे चाललंय ते चालू द्यायचं.
एकोणीस अंशांना शेगडी पेटलेली असेल का,
हे नुसत्या एकोणिसावरून सांगता येत नाही.
खालून चढत आलात की वरून उतरत,
त्यावर आहे.
इथं आता रुळलीस ना, असं फोनवर विचारतात,
तेव्हा मला हेच सांगावंसं वाटतं,
मग मी म्हणते, हो, रुळले.

घर आधी रेनो कांगासचं.
चाळीस हिवाळे तो पहाटे चारला उठायचा,
लाकडं घालायला.
लग्न केलं नाही. म्हणायचा,
एक आहे घरात, तिलाच रात्री उठून बघावं लागतं.
हे मला त्याच्या बहिणीनं सांगितलं, आयलीनं,
वय एक्क्याऐंशी, टेकडीखालच्या गल्लीत एकटी.

जानेवारीत वादळानं इंटरनेटच्या तारा तोडल्या.
वीज राहिली, नशीब.
ओजस हरवल्यासारखा खिडक्या मोजत फिरला.
आयलीची भट्टी त्याच दिवशी बंद पडली,
तर निरंजन फावड्यानं वाट काढत गेला
आणि तिला घेऊन आला.
तिच्या कोटाखाली पातेलं, पातेल्यात फुगलेली कणीक.

नंतर मी नोंदी पाहिल्या.
दुपारी दोन ते पाच : शेगडी बंद.
तापमान एकोणीसवरून वीस पूर्णांक चार.
कारणाचा रकाना मीच केला होता,
तो रिकामा.
ओव्हनमध्ये वेलदोड्याचा पाव होता, ते धरा.
चार माणसं होती, वाद घालत पत्ते खेळत होती,
ते किती धरायचं?
संगणक विचारत नाही.
मीही भरलेलं नाही.

रात्री ती शेगडीसमोर सोफ्यावरच निजली,
खोली नको म्हणाली.
मी पाणी प्यायला उठले, चार वाजून काही मिनिटं,
बाहेर बर्फ सरळ रेषेत पडत होता, अजिबात घाई नाही.
तळघरात रिले वाजला. टक.
मग गोळ्यांची खुळखुळ,
काचेमागे आधी धूर, मग एक पिवळं टोक.

आयलीनं डोळे उघडले नाहीत.
"रेनो उठला," म्हणाली,
आणि पाय पोटाशी घेऊन कुशीवर वळली.