फिका

मे महिना, मका वीतभर वर आलेला.
डेल्मर व्हॉन्ड्राक विहिरीचं पाणी घेऊन आला
लोणच्याच्या बरणीत.
चालणार नाही म्हटलं, शेपूचा वास आहे याला.
तपकिरी बाटली देऊन परत पाठवला.
अठरा मैल जाणं, अठरा मैल येणं,
नेब्रास्कात कोणी याला लांब म्हणत नाही.

ताटलीत शहाण्णव खळगे.
प्रत्येकाच्या तळाशी चिकटलंय
कुठल्याशा सशाच्या रक्तातलं प्रतिपिंड.
तणनाशक एकटं इतकं लहान
की रक्ताला ते दिसतसुद्धा नाही.
मोठ्या प्रथिनाच्या पाठीवर बसवून टोचलं,
पुन्हा टोचलं,
मग सशाने त्याला कायमचं लक्षात ठेवलं.
ससा मी पाहिलेला नाही.

डेल्मरचं पाणी घालते, त्यामागून
आमचा खुणेचा रेणू, रंग उमटवणारा.
जागा मोजक्या.
ज्याला मिळाली तो बसला, उरलेले धुण्यात गेले.
तीनदा धुते, ताटली कागदावर आपटते,
रंगाचं पाणी घालून घड्याळ लावते.

गडद निळा आला तर पाणी चांगलं.
फिका, म्हणजे जागा दुसऱ्याच कोणी घेतलीय.
वीस वर्षं झाली
तरी दर वेळी मनाला बजावावं लागतं.

डेल्मरचा खळगा फिका.
शेजारचा, त्याचाच, तोही फिका.
अब्जात पाच. चालतात तीन.

"चार वर्षं मी फवारलेलं नाही," तो म्हणाला,
आणि टोपी हातात फिरवत राहिला.
वरच्या अंगाला कोणाचं शेत
हे त्याने विचारलं नाही.
वरच्या अंगाला माझा भाऊ.

प्रतिपिंडही फसतं कधी कधी,
भावंडं ओळखू येत नाहीत त्याला,
तोंडावळा सारखा असला की दोघांनाही बसवून घेतं.
हे मी डेल्मरला सांगितलं, जरा जास्तच वेळ सांगितलं.
बाटली लिंकनच्या मोठ्या यंत्राकडे पाठवली.
नऊ दिवस लागतील.
त्यानंतर अर्धी काउंटी मला पाण्यात पाहील.
माझं तर कामच ते.

रविवारी लुमिरकडे जेवण.
वहिनीने खसखशीचे कोलाचे केलेले,
टेबलावर घामेजलेला जग.
"यंदा विहीर छान भरलीय," ती म्हणाली.
माझा ग्लास मी खिडकीच्या उजेडाकडे धरला.
नितळ, पलीकडचा मका दिसेल इतका.

"पी की," लुमिर म्हणाला.