खुंट्या

पहिली खुंटी मी ठोकली
दोन्या ओतिलियाच्या लिंबाखाली,
खुराड्यापासून अडीच पावलांवर.
लाल ठिपका, त्याखाली आकडा: एकोणीस अधिक चारशे वीस.
म्हणजे सान्तियागोच्या फलाटापासून
एकोणीस किलोमीटर, चारशे वीस मीटर.
ती म्हणाली, माझं घर आजवर
कशापासूनच इतकं लांब नव्हतं.

तोवर रूळ एकच होता.
दिवसातून तीनदा तांब्याची मालगाडी जायची,
इतकी सावकाश की फाटकवाला रेमिहिओ
इंजिन ड्रायव्हरच्या हाती चहाचा पेला द्यायचा
आणि शेवटच्या डब्यावरच्या गार्डकडून
दुपारी रिकामा परत घ्यायचा.

दुसऱ्या दिवशी खुंटी वीतभर सरकलेली.
यंत्र लावलं, मोजलं, जागच्या जागी ठोकली.
तिसऱ्या दिवशी पुन्हा वीतभर.
खुंटा हलवून बळकट करावा म्हणतात,
ही हलवत होती ती निराळ्याच हिशेबानं.
एकीकडे आकाशातले सात उपग्रह,
दुसरीकडे अंधारात गुडघ्यांवर बसलेली एक बाई,
हातात बटाटे काढायचं खुरपं.
मी वहीत लिहायचो: कुत्र्यांनी उकरलं असावं.
चौदाव्या वेळी ओसांदोन साहेबांनी विचारलं,
या कुत्र्यांना दर वेळी पश्चिमच कशी सापडते?

शाळेच्या हॉलमध्ये सभा झाली.
भिंतीवर नव्या स्टेशनचं चित्र,
चित्रातली माणसं सगळी उंच,
कुणाच्याच हातात पिशवी नाही.
दीड तासाचा रस्ता सतरा मिनिटांत, साहेब म्हणाले.
उलिसेस, रात्रपाळीचा पाववाला,
उठून नुसतं म्हणाला, सतरा?
आणि खाली बसला.
त्याच्या मुलीनं त्याला जागा पाहिलेला
फक्त रविवारी.
त्यानंतर बराच वेळ कुणी काही विचारलं नाही.
मग मागून ओतिलियाचा आवाज:
यात कोंबड्या कुठे आहेत?
लोक हसले. मीही हसलो.

पुढे चेक आला.
रक्कम वाईट नव्हती, हेही सांगायला हवं.
मग भिंत आली, तीन मीटर उंच, दोन्ही बाजूंना.
शाळा इकडे राहिली, फुटबॉलचं मैदान तिकडे,
मधे पूल, ब्याण्णव पायऱ्यांचा.
लिफ्ट आहे. चालते, कधी कधी.
फाटकच उरलं नाही, तेव्हा रेमिहिओनं
हिरवा झेंडा स्वयंपाकघराच्या खिडकीला लावला.
त्याच्या घरात सकाळी आता सगळं हिरवं दिसतं,
पाव, हात, दुधाचं भांडं.

काल पहाटेच्या गाडीत ती समोर बसली होती.
मंगळवार, गुरुवार, शनिवार डायलिसिस.
आधी तीनला उठायची, दोन बस बदलायची,
परत येईतो दिवसाचं चिपाड झालेलं.
मला वाटलं, बोलेल मला काहीतरी, लागेल असं.
ती म्हणाली, गाडी चांगली आहे. आत ऊब आहे.
मग बाहीनं काच पुसली,
धुक्यात डोंगर अजून उगवले नव्हते,
बोट टेकवलं आणि म्हणाली, इथे.

सवयीनं मी हिशेब केला.
या वेगात तिचं अंगण अर्ध्या सेकंदाचं होतं.
ती 'इ' म्हणाली तेव्हा लिंबू,
'थे' म्हणाली तेव्हा
वाहनतळाचे दिवे.

बोट तिनं जरा वेळ काचेवर तसंच ठेवलं.

मग विचारलं, तू कुठवर?
शेवटपर्यंत, मी म्हणालो, तिथून पुढे नवा फाटा काढतायत.
पायाशी माझी पिशवी होती, चाळीस खुंट्यांची.
तिनं वाकून एक उचलली, टोक पाहिलं,
नखानं लाकूड खरवडलं.

पाइनची?
हो.
बरं झालं, ती म्हणाली,
निघते पटकन.