डावुर पाणी भरतो

फॅरो बेटं, अठराशे सेहेचाळीस.
गाव गोवराने आडवं झालंय.
गवताच्या छपरांतून धूर निघत नाही,
कुणाची मेंढी कुणाच्या दारात, हिशेब नाही.
एकटा डावुर उभा, वय एकाहत्तर,
खांद्यावर काठी, काठीला दोन बादल्या,
आणि झऱ्यापासून सुन्नेवाच्या उंबऱ्यापर्यंत
सांडलेल्या पाण्याची ओळ.

"तुला कसा होत नाही रे?"
यालग्रीम अंथरुणातून विचारतो, जवळजवळ रागानेच.
"झालाय की. सहा वर्षांचा होतो.
आईने खिडकीला घोंगडी लावली होती, उजेड नको म्हणून.
घोंगडीला भोक होतं."

एवढंच आठवतं त्याला.
बाकीचं पाठ आहे त्या पेशींना.
पांढऱ्या म्हणायच्या, पण दुधासारख्या नव्हेत;
रक्त निवळत ठेवलं तर
तांबड्या साक्यावर धरते ना, ती फिकट साय.

त्या दारोदार हिंडतात.
प्रत्येक घर, आत काय शिजतंय
त्याचा एकेक तुकडा उंबऱ्यावर ठेवतं. रीतच आहे.
त्या चाचपतात, पुढे जातात.
चाचपतात, पुढे जातात.
एका दारात थांबतात.
हे इथलं नाही.

आत विषाणू बसलाय,
परक्या चुलीवर आपली पोळी भाजत.
त्याला त्या हातही लावत नाहीत.
भिंतीला बारीक भोकं पाडतात
आणि घरालाच सांगतात, मीट आता.
घर ऐकतं.
घडी होते त्याची, आतल्या पाहुण्यासकट.

आपलंच घर ते. हे मला अजून पचत नाही.

मग बहुतेक जणी मेल्या.
थोड्या उरल्या, दुभंगत राहिल्या,
एकीचा धडा दोघींत.
मधल्या पासष्ट वर्षांत डावुरचे दोन मुलगे बुडाले,
दात गेले, बायकोचा आवाजही विसरला तो.
धडा नाही विसरला.

यालग्रीम उठेल, आठवड्याभरात.
पण गोवर आधी शिरतो तो याच पेशींत,
आणि जाताना त्यांची जुनी पाठांतरं पुसून जातो:
बाळपणीचा खोकला, गेल्या हिवाळ्याचा ताप.
हिवाळा पुन्हा येईलच.

डावुरला यातलं काही ठाऊक नाही.
तो सुन्नेवाच्या गायीची धार काढतो.
प्यायला कुणी उठत नाही.
भांडं तसंच ठेवतो खिडकीत.
सकाळी त्यावर साय.