तिसरा खंड

वाचनालयात पाचांपैकी चारच खंड होते.
तिसरा बापू मोंडकर घेऊन गेला पुण्याला, शिकायला,
मग ना तो आला, ना खंड.
नोंदवहीत त्याच्या नावापुढे अजून लाल फुली आहे.
म्हणून मी दुसऱ्यातून थेट चौथ्यात उतरले,
होडीतून धक्क्यावर पाय टाकताना
मधली पाण्याची फट ओलांडतात तशी.

देवगड बंदरावर, बर्फाच्या कारखान्यात
मी लाद्यांच्या चिठ्ठ्या फाडते. पहाटे तीनपासून.
बर्फ फोडायचं यंत्र घरघरू लागलं
की कानात दुसरं काही शिरत नाही,
वाचायला तेवढंच बरं.
पानांवरचे ओले अंगठे माझे. कबूल.

हुस्नारा काझी, लिलावात पापलेटाचा भाव पुकारणारी,
तिला आवडायची चेटकीण,
जी मागितलेलं कधीच देत नाही,
त्याच्या शेजारचं देते.
राज्य मागा, नकाशा.
मूल मागा, पाळणा.
"आमच्या सोसायटीचा मॅनेजर अस्साच," हुस्नारा म्हणाली,
"इंजिनासाठी अर्ज केला, पंखा मंजूर झाला."

गजा तारी वाचत नाही, ऐकतो.
लाद्या खणात रचता रचता विचारतो,
"अजगराचा काय झाला?"
सोन्यावर झोपलेला तो अजगर,
शंभर वर्षांत एक नाणं मोडलं नाही त्यानं.
"माज्या हातात ता सोना गावला असता
तर गणपतीपर्यंत संपला असता,"
असं म्हणतो आणि आदरानं मान हलवतो.

मला आवडला ओघड तांबट.
नायकाच्याही नाही, नायकाच्या घोड्याच्या मागून चालणारा.
बहिणीच्या औषधासाठी त्यानं सावली गहाण टाकली,
आणि आता दर गावच्या बाजारात विचारतो,
आज सावलीचा काय दर?
माणसं रस्ता सोडतात. कुत्रीसुद्धा भुंकत नाहीत.
फक्त भर बाराला, उन्हाच्या ऐन टाळक्यावर
तो सगळ्यांसारखा दिसतो.
तेवढ्यात तो काय करतो?
रडत नाही, देवळात जात नाही.
कोथिंबिरीच्या जुडीवरून भांडतो.
मनापासून, घाम येईस्तोवर.

चौथ्या खंडात तो नाहीच.
कुणी नावही काढत नाही.
घोड्याच्या गळ्यात तांब्याची एक नवी घंटा आहे,
बस.

त्या वर्षी मासेमारी बंद झाली, होड्या झापांखाली गेल्या,
कारखान्यात मी आणि थंड पाईप.
पावतीपुस्तकाच्या पाठकोऱ्या बाजूला
मी ओघडला जगवायला घेतलं.
आधी सावकार मारून पाहिला,
तर वारस निघाले. तीन.
मग त्याला इकडेच आणला,
किल्ल्यावरच्या दीपगृहाखाली खोली दिली.
तिथं रात्री उजेड फिरतो,
सगळ्यांच्याच सावल्या येतात, जातात,
कोण कुणाची मोजणार?
बांगड्याचं तिखलं त्याला आवडू लागलं.
बहिणीला पत्र लिहायचं मात्र तो टाळतो,
ते मला अजून जमलेलं नाही.

यंदा शिमग्याला बापू मोंडकर आला,
डोक्यावर केस नाहीत, हातात प्लास्टिकची पिशवी.
सोमवार, वाचनालय बंद, म्हणून माझ्या खिडकीशी.
"वीस वर्षं गं," तो म्हणाला, "लाज वाटत होती.
आणि तो तुझा तांबट, त्याचं शेवटी..."
"गप," मी म्हटलं.
पिशवीची गाठसुद्धा सोडली नाही.

गजाची सुरंगी दुसऱ्या खंडाच्या शेवटाला आली होती.
तिला दिला.
"वाच," म्हटलं, "पण मला सांगायचं नाही."

चौथ्या दिवशी ती आली, शाळेच्या गणवेशात,
अर्धी लादी हवी म्हणाली.
भाव सांगितला. तो जन्मापासून तिला पाठ आहे.
तरी भांडली.
महाग म्हणाली, बर्फात भुसा आहे म्हणाली,
वजनकाटा खोटा म्हणाली,
डोळे लाल, नाक ओढत,
हुस्नारा लिलाव सोडून बघायला आली.

मी घड्याळाकडे पाहिलं.
मग मीही पदर खोचला
आणि एक रुपया कमी करणार नाही म्हटलं.