कुलथ्याचं टेकाड

एकतीस वर्षं भोसरीत व्हर्नियर धरला.
मिलिमीटरचा पन्नासावा भाग
अंगठ्यालाच कळायचा.
रिटायर झालो, फंडातून घेतली
एक जुनी फायबरची होडी, दोन गळ, सेकंडहँड मोटर,
आणि शनिवारी पहाटे पुण्याहून निघून
भिगवणच्या पुढं, उजनीच्या फुगवट्यावर उभा राहिलो.

हौसा मल्लाव काठावर जाळं सोडवत होती.
तिनं होडीकडं पाहिलं, मग माझ्या बुटांकडं.
"पोहता येतं?"
"टिळक तलावात शिकलोय."
"तिथं तळ दिसतो," ती म्हणाली,
आणि न विचारता पुढच्या फळीवर येऊन बसली.

या पाण्याला खोली म्हणून एक आकडा नाही.
कालवा सुटला की रोज बोटभर उतरतं;
मंगळवारची वाट शनिवारी चिखलात.
तिनं बांबूवर लाल टेप गुंडाळायला लावली,
हात-हात अंतरावर.
मी खिशातून पट्टी काढली, तर हसली:
"हातच बरा. पट्टी पडंल पाण्यात."

पहिली खूण कोरडी राहिली, तर मोटर वर.
पाणी काळसर असेल तर चला, चहासारखं असेल तर थांबा.
वारं नसताना जिथं बारीक सुरकुती हलते
तिथं खाली काहीतरी उभं आहे.
रोहित पक्षी लांबूनच बघायचे;
त्यांच्या गुडघ्याएवढंच पाणी असतं,
"आन् तुमची होडी काय एका पायावर उभी ऱ्हाणार?"
अकरानंतर पश्चिमेचं वारं. त्याच्या आत काठ.
आणि रुतलात तर उतरू नका.
हे तिनं तीनदा सांगितलं.
गाळ आधी घोटा मागतो. मग ऐकत नाही.

मी विचारलं, खाली कुठलं गाव होतं?
वाटलं, आता ती उसासा टाकेल.
"मला काय ठाव! मी करमाळ्याची.
लगीन होऊन आले तवा पाणीच होतं."
मग वल्ह्यानं दाखवत गेली:
हे पंखामोड, पाच पंखे गेले इथं, त्यातला एक दाजींचा.
तो बाबूशेटचा पाइप, उसाला जातो,
केबलला हात लावायचा नाही.
ती बाभळ, वरून दिसत नाही, तीन जाळी खाऊन बसलीय.
आणि तिकडं नवरदेव:
वरातीची होडी रुतली, मुहूर्त टळला,
संसार मात्र बरा झाला.

जिथं कुणीतरी चुकलं, तिथं नाव.
जिथं नाव नाही, तिथं एकतर खोल आहे
किंवा अजून कुणी गेलेलं नाही.

एप्रिलात एकदा एकटाच गेलो.
चिलापी लागत होती, तळहाताएवढी, एकामागून एक,
आणि बांबू होडीत आडवा. कोरडा.
आवाज असा झालाच नाही.
पाणी पुढं जात राहिलं, मी थांबलो.

एक पाय बाहेर टाकलाच होता.
बूट ओला झाला, तेव्हा तिची तीन वाक्यं आठवली.
आत घेतला. मोटर उचलली.
बर्फाची पेटी मागं, पेट्रोलचा कॅन मागं,
शेवटी मी मागं, बसूनच सरकत,
आणि आलो त्याच वाटेनं उलटं रेटायला लागलो.
पुढं मोकळं दिसत होतं.
मोह झाला, गेलो नाही.
सव्वा तास.
होडी सरकत होती ती
माझ्या जुन्या मापानंच मोजावी लागली असती.

हौसाबाईला काही बोललो नाही.
पण काठाला डोळे असतात,
आणि तिच्या धाकट्याला दुर्बीण मिळाली होती
पक्षी दाखवण्यासाठी.

पुढच्या मार्चात हडपसरची दोन पोरं
नवी कोरी होडी उतरवत होती.
धाकटा हात लांब करून सांगत होता:
"त्यो बगळा दिसतोय? त्याच्या डावीकडनं काढा.
उजवीकडं कुलथ्याचं टेकाड हाय."
मी गळाला गांडूळ लावत होतो.
मान वर केली नाही.

"कुलथे कोण?" एका पोरानं विचारलं.

"आसंल कुनीतरी," तो म्हणाला.
"खाली जुनं गाव होतं ना."